कुलूपबंद काचघर

डोंगरापलीकडच्या एका गावात एक शाळा होती आणि शाळेच्या मागे एक काचघर होतं. शाळेचं बागमंडळ कुमुदबाई चालवायच्या. शनिवारी शाळा सुटली की मुलं काचघरात शिरायची. कुंड्या भरायची, झारीने पाणी घालायची आणि रोपांशी अखंड बडबडायची. रोपं मोडायचीसुद्धा. बाई रागवायच्या, मग पुन्हा लावून घ्यायच्या.

एके वर्षी तालुक्याला फुलझाडांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. पहिलं बक्षीस आपल्यालाच हवं, या हावेपायी बाईंनी काचघराला कुलूप घातलं.

“बाई, माझ्या झेंडूला पाणी कोण घालणार?” लहानग्या यमूने विचारलं.

“मी घालेन. तुम्ही नुसता धुडगूस घालता. प्रदर्शन होईपर्यंत इकडे फिरकायचं नाही!”

मुलं हिरमुसून गेली. बाईंनी शेणखत घातलं, वेळच्या वेळी पाणी दिलं. रोपं तरारली. पण सगळी दाराकडे वाकली. ऊन वरून येत होतं, तरी माना दाराकडे. बाईंनी एकेक कुंडी फिरवली. सकाळी पाहतात तर पुन्हा तेच.

मग सुट्टीच्या एका भर दुपारी बंद काचघरातून कुजबुज ऐकू आली. “कुठं गेली सगळी? कुठं गेली?”

मुलंच घुसली असणार, म्हणून बाईंनी तणतणत कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी पानं हलत होती. बाईंना पाहताच ती एकदम थांबली. काचांवर आतून दव धरलं होतं आणि त्यावर बोटं उमटली होती. देठांसारखी बारीक बोटं.

बाई घाबरून बाहेर आल्या. हाव मात्र सुटली नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी दाराजवळच्या मातीत लावलेल्या वेलांनी दार आतून आवळून धरलं होतं. बाईंनी फटीतून विळा घातला. प्रत्येक घावाला आत हुंदका फुटल्यासारखं वाटे. दार उघडलं, आणि बाईंच्या डोळ्यांदेखत एकेक रोप मान टाकू लागलं.

बाई धावत यमूच्या दारात गेल्या. “यमू, चल गं! सगळ्यांना बोलाव. माझं चुकलं.”

“पण बाई, प्रदर्शनाची गाडी आलीय ना?”

“जाऊ दे गाडी!”

मुलं आली. मान टाकलेली रोपं पाहून दारातच थबकली. यमू तेवढी पुढे झाली आणि झेंडूपाशी उकिडवी बसली. “अरे, मी आले ना,” ती म्हणाली. झेंडूने हळूहळू मान वर केली. मग बाकीची मुलंही आपापल्या कुंडीशी बोलू लागली.

गाडी रिकामीच गेली. कापलेले वेल काही परतले नाहीत. त्या जागी पुढे काहीही लावलं तरी उगवलं नाही. मुलं घरी गेली की बाई त्या उघड्या मातीपाशी जातात, पाणी घालतात आणि कान देऊन थांबतात. माती बोलत नाही.

तात्पर्य: ज्यांच्यासाठी बाग लावली त्यांनाच बाहेर ठेवलं, तर बाग आपलीही राहत नाही.