गेनबाची उंच गाडी

डोंगरात खडपेवाडी नावाचं गाव होतं. तिथं एक भोळा गाडीवाला राहायचा. त्याचं नाव गेनबा. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळा घोटाळा तिथंच होता.

गावातली कोबी तो पिकअपमधून बाजाराला न्यायचा. वाट खडकांची. गावाबाहेर एक ओढा. दर फेरीला गाडीचं पोट दगडावर घासायचं आणि खर्र आवाज यायचा.

एक दिवस त्याची बायको हौसा म्हणाली, "अहो, ती गाडी जरा उंच तरी करा!"

"करतो की," गेनबा म्हणाला.

त्याने गाडी नेऊन मारुतीच्या देवळामागच्या टेकाडावर उभी केली. घरी येऊन म्हणाला, "केली उंच. आता पार घाटातनं दिसते."

हौसाने कपाळाला हात लावला. "अहो, टेकाडावर चढवून गाडी उंच होते होय? मोठी चाकं लागतात. तालुक्याला मुल्लाणी मिस्त्रींकडं जा. आणि टायर मापात बसतोय का ते घालून बघा, मगच घ्या."

गेनबाने हे डोक्यात पक्कं ठेवलं.

मुल्लाणी मिस्त्रींनी त्याच्यापुढं तीन टायर मांडले. "हा गुळगुळीत, डांबरी रस्त्याचा. हा खोल खाचांचा, निव्वळ चिखलाचा. आणि हा मधला, रस्ता आणि रान दोन्हीकडं चालतो. तुमच्याकडं रस्ता कसा आहे?"

"रस्ताच नाही," गेनबा म्हणाला.

"मग रान आहे. पण बाजाराला डांबरीवरनंच येणार ना? हा मधला घे."

मिस्त्री पाना आणायला आत गेले. परत येऊन बघतात तर गेनबा टायरमध्ये शिरलेला. टायर काखेपर्यंत चढलेला आणि तिथंच अडकलेला.

"हे काय रे?"

"घालून बघतोय. पोटात जरा घट्ट होतंय मिस्त्री. एक नंबर मोठा दाखवा."

दोघांनी ओढून त्याला बाहेर काढलं. मिस्त्री हसून हसून खाली बसले. "अरे बाबा, गाडीला घालायचं! मग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघायचं. घासलं, तर अंग वर उचलायचं. खाली ठोकळे घालायचे, की झालं."

खरंच, टायर चढवून चाक वळवलं तर ते आत घासलं. मग मिस्त्रींनी ठोकळे घालून गाडीचं अंग चार बोटं वर उचललं. पुन्हा वळवून बघितलं. कुठंच घासेना.

गेनबाने हेही डोक्यात पक्कं ठेवलं.

घरी आला तर सासरे आलेले. चार दिवसांवर गावातल्या म्हादूतात्यांच्या लेकीचं, कस्तुराचं लग्न होतं, त्यासाठी. ते अंगणात उभे होते आणि त्यांचं नवं धोतर जमिनीला लागत होतं.

"मामा, घासतंय," गेनबा म्हणाला.

"जरा सैल झालंय, जावईबापू."

"सैल नाही. अंग उचलायला पाहिजे."

त्याने सरपणातले दोन ठोकळे आणले आणि सुतळीने मामांच्या वहाणांखाली घट्ट बांधले. मामा चांगले वीतभर वर गेले. जावयाचा मान राखायचा म्हणून बिचारे तसेच उभे राहिले.

"आता दोन्हीकडं पूर्ण वळून दाखवा."

मामा डावीकडं वळले. उजवीकडं वळायची वेळच आली नाही. ते थेट ताकाच्या डेऱ्यावर गेले.

हौसा धावत आली. तिने वडिलांना उठवलं, ताक पुसलं आणि नवऱ्याकडं नुसतं बघितलं.

"पण धोतर आता घासत नाही," गेनबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडीत कोबी भरली. गाडी उंच, म्हणून ढीगही उंच. ओढ्यात गाडी अशी डुलली की अर्धी कोबी पाण्यात पडून वाहून गेली. गेनबा मिस्त्रींकडं तक्रार घेऊन गेला.

"उंच गाडी डुलणारच," मिस्त्री म्हणाले. "ओढ्याला पाणी दिसलं की काठावर आधी सगळं ओझं उतरव. मग गाडी रिकामी पलीकडं काढ."

गेनबाने हे तर फारच पक्कं ठेवलं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वळीव झोडपून गेला. ओढ्याला गुडघाभर पाणी आलं. लग्नादिवशी वऱ्हाडाच्या गाड्या पलीकडच्या काठापासून कोसभर लांबच चिखलात अडकल्या. मुहूर्ताला तासभर राहिलेला. म्हादूतात्या हात जोडत आले.

"गेनबा, तुझीच गाडी तेवढी उंच. नवरदेवाला घेऊन ये बाबा. माझी लाज तुझ्या हातात."

गेनबाची छाती फुगली. तो निघाला. थोड्या वेळाने गाडी ओढा ओलांडून डौलात मांडवापुढं आली. वाजंत्री वाजली. सुवासिनी ओवाळायला पुढं झाल्या. गाडीत कोणी नव्हतं.

"नवरदेव कुठाय?" म्हादूतात्यांनी विचारलं.

"काठावर उतरवला."

"अरे, मग जा! आण त्याला!"

गेनबा गेला. नवरदेवाला गाडीत बसवलं, वळवून ओढ्याशी आणलं, खाली उतरवलं आणि रिकामा परत आला. पुन्हा पाठवला. पुन्हा रिकामा आला. पलीकडं नवरदेव चढून उतरून घामाघूम झाला. इकडं भटजी घड्याळ बघून बघून थकले.

शेवटी म्हादूतात्या कडाडले, "नवरदेव येत नसेल तर नवरीलाच घेऊन जा! तिकडंच लावू लग्न!"

कस्तुरा शालू सावरत गाडीत बसली. गाव मागोमाग चालत निघालं. ओढा आला. गेनबाने गाडी थांबवली, कस्तुराला अदबीने हात देऊन खाली उतरवलं, आणि गाडी रिकामी पलीकडं काढली.

आता नवरी या काठावर, नवरदेव त्या काठावर. गेनबा गाडीत.

भटजींनी घड्याळ बघितलं आणि तिथंच मंगलाष्टकं सुरू केली. अक्षता उडून पाण्यात पडल्या. शेवटचं 'सावधान' झालं, पण हार घालायचे कसे? कस्तुराने बापाकडं बघितलं, शालू गुडघ्यापर्यंत खोचला, हार दातांत धरला आणि सरळ पाण्यात पाऊल टाकलं.

गेनबाने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अगं पोरी, भिजशील की!" तो कळवळून ओरडला. "मी गाडी उंच कशासाठी केलीय?"