येसबाचं 'समाधान'मधलं जेवण

गाव कुठलंही घ्या, त्यात एक भोळा असतोच. तळसंगीत तो येसबा होता.

येसबा म्हशी राखायचा. मनानं सोनं. कामाला वाघ. पण सांगावं तेवढंच करायचा, वर एक रत्ती नाही. एकदा त्याची थोरली बहीण, हौसाअक्का, म्हणाली, "येसबा, चुलीवरच्या दुधाकडं बघ जरा." येसबानं बघितलं. दूध वर आलं, काठाला आलं, चुलीत गेलं. अक्का धावत आली तर हा म्हणतो, "अक्का, एकदा पण नजर काढली नाही बघ!"

अशा माणसाचं लग्न जमवायचं म्हणजे खेळ आहे का? आईबाप लहानपणीच गेलेले. अक्कानंच वाढवलेला. दोन-तीन स्थळं आली, चहा पिऊन गेली ती गेलीच. आता आलं होतं वीटभट्टीवाल्या गुलाबरावांच्या सुगंधाचं. आणि गंमत अशी, की येसबानं सुगंधाला बाजारात बघितली होती. वांगी किडकी दिली म्हणून भाजीवालीशी कडाकडा भांडत होती. तेव्हापासून येसबाला म्हशीला पाणी पाजतानाही तीच दिसायची.

अक्का म्हणाली, "हे स्थळ गेलं ना येसबा, तर पुन्हा कुणी आपल्या दारात पाय ठेवायचं नाही." आणि डोळ्याला पदर लावला. येसबालाही रडू आलं.

बघण्याचा कार्यक्रम ठरला 'समाधान'मध्ये. आता हे 'समाधान' म्हणजे गल्लीच्या तोंडावरचा जुना बार. आत अंधार, दाराला मळका पडदा. माणसं डोक्यावर टॉवेल घेऊन मागच्या दारानं आत जायची आणि भिंत धरून बाहेर यायची. मालकानं यंदा सगळं पाडून नवं केलं. काचेचं दार, गार हवा, टेबलाटेबलावर फुलं आणि वर झगझगीत पाटी, 'समाधान फॅमिली रेस्टॉरंट'. सगळं गाव बायकापोरं घेऊन तिथं जेवायला जाऊ लागलं. जुनी गिऱ्हाइकं तर आत शिरताना मोठ्यानं म्हणायची, "आम्ही बाबा पहिल्यांदाच येतोय!" सुगंधालाही ते बघायचं होतं. म्हणून गुलाबरावच म्हणाले, "पोरगा तिथंच बघू. जेवण पण होईल."

अक्काचे गुडघे धरलेले. ती काही येऊ शकली नाही. तिनं नवऱ्याला पाठवलं, म्हणजे येसबाच्या दाजींना. आणि येसबाला बजावलं, "डोकं चालवू नको. दाजी करतील तसं करायचं."

"बरं," येसबा म्हणाला.

दाजी निघाले ते सवयीनं 'समाधान'च्या मागल्या बाजूला गेले. तिथं आता भिंत होती. दाजींनी भिंत चाचपली. येसबानंही चाचपली. दाजी म्हणाले, "आयला!" येसबाही म्हणाला, "आयला!" मग दोघं पुढून आत गेले.

आत गुलाबराव बसलेले. मिशा अशा की बघणाऱ्यानं आधी मिशांनाच नमस्कार करावा. शेजारी सुगंधा. केसांत अबोलीचा गजरा. ती उठली आणि दाजींच्या पाया पडली. दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "सुखी राहा पोरी. चांगला नवरा मिळू दे."

येसबा पुढं झाला. त्यानंही तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सुखी राहा पोरी," तो म्हणाला. "चांगला नवरा मिळू दे."

गुलाबरावांची मिशी थरथरली. सुगंधानं ओठ दाबून धरले. दाजींनी येसबाला खाली ओढलं आणि कानात म्हणाले, "आरं येड्या, मी करतो ते तू करू नको! गप बस. तोंड उघडू नको."

"बरं," म्हणून येसबानं तोंड मिटलं.

वेटरनं पांढऱ्या रश्शाच्या वाट्या आणून ठेवल्या. गरमागरम, वर काळी मिरी. सगळे फुरके मारू लागले. येसबा तोंड मिटून बसला.

"घ्या की रस्सा," गुलाबराव म्हणाले.

येसबा गप्प.

"म्हशी दूध बरं देतात का?"

येसबा गप्पच. नाकानं तेवढा श्वास चालू होता.

गुलाबराव दाजींकडं वाकले. "पावणं, एक विचारू? पोरगा मुका तर नाही ना?"

"छे छे! लाजतोय हो," दाजी म्हणाले. त्यांना दरदरून घाम फुटला, त्या गार हवेत. ते पुन्हा येसबाच्या कानाला लागले. "आरं बाबा, पाहुण्यांपुढं असं करतात का? तोंड उघड आणि समोर दिसेल ते पिऊन टाक."

"बरं."

येसबानं वाटी उचलली आणि एका दमात रिकामी केली. गुलाबराव खूश. दाजींचा जीव भांड्यात पडला. येसबानं पुढं बघितलं. समोर एक काचेचा ग्लास दिसला. त्यात गुलाबाचं फूल होतं आणि फुलाखाली पाणी. येसबानं फूल काढून बाजूला ठेवलं आणि ग्लास तोंडाला लावला.

"साहेब, साहेब! ते फुलाचं पाणी!" वेटर ओरडला.

"जरा पातळ आहे," येसबा म्हणाला. "पण बरं आहे."

आता सुगंधाला राहवेना. ती पदरात तोंड घालून हसली. गुलाबराव मात्र हसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडं बघितलं. मुलीचा बाप घड्याळाकडं बघायला लागला की समजावं, स्थळ चाललं.

दाजी रडकुंडीला आले. "आरं, ती शोभेची वस्तू होती! सजवून मांडलेल्या वस्तूला हात लावायचा नसतो. लांबून बघायचं आणि 'छान आहे' म्हणायचं."

"बरं."

तेवढ्यात कोंबडी आली. आता 'समाधान' नवं झालं, त्यामुळं कोंबडीही नटून आली. टोमॅटोचं फूल, कोथिंबिरीची तोरणं, मधोमध उकडलेलं अंडं. येसबानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"छान आहे," तो म्हणाला.

"घ्या ना," गुलाबराव म्हणाले.

"छान आहे."

"अहो, पण खाणार का नुसतं बघत बसणार?" सुगंधानं विचारलं. अंगात बाजारातलीच धमक.

येसबानं तिच्याकडं बघितलं. गजरा, टिकली, नवी साडी. हीही सजलेलीच. हात पाठीमागं तसेच धरून तो अगदी मनापासून म्हणाला, "छान आहे."

सुगंधा लाजली. खरंच लाजली. गुलाबरावांनी घड्याळ बाहीत ढकललं. म्हणाले, "पोरगा साधा आहे हं. मनात एक न् ओठात एक नाही." आणि अख्खी भाकरी उचलून येसबासमोर धरली. "घ्या. माझा आग्रह आहे."

दाजींनी बघितलं, बाजी फिरतेय. ते घाईघाईनं कुजबुजले, "आता नीट ऐक. आग्रहाला नको म्हणायचं नसतं, अपमान होतो. पण हावरटासारखं अख्खंही घ्यायचं नसतं. पाहुणा आग्रहानं देऊ लागला की हसून म्हणायचं, अख्खी नको, अर्धीच द्या, अर्धी दाजींना वाढा."

"बरं." येसबा हसला. "अख्खी नको. अर्धीच द्या. अर्धी दाजींना वाढा."

"वा!" गुलाबरावांनी मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हणतात वळण! स्वतःच्या ताटाआधी दाजींचं ताट बघणारा पोरगा!" भाकरी मोडली, अर्धी इकडं, अर्धी तिकडं. मग तांबडा रस्सा आला, भात आला. येसबा जेवला, बोलला, म्हशींची नावंसुद्धा सांगितली. एक चूक नाही! दाजींना वाटलं, उठून नाचावं.

हात धुऊन झाले. गुलाबरावांनी सुगंधाकडं बघितलं. "काय गं? तुझं काय म्हणणं?"

"मला चालेल, आबा," सुगंधा म्हणाली. "हा माणूस मला कधी फसवायचा नाही. ह्याला जमायचंच नाही ते."

गुलाबराव उठले. डोळे पाणावलेले. येसबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एकुलती एक पोर आहे माझी. लाडाची आहे. ती तुम्हाला देतोय. आता नको म्हणू नका, आग्रह आहे माझा."

येसबाचा ऊर भरून आला. अक्का आठवली, बाजारातली वांगी आठवली. आता चुकायचं नाही, काही झालं तरी चुकायचं नाही. त्यानं दाजींकडं बघितलं. दाजींनी आनंदानं मान हलवली, बोल, बोल!

येसबा गोड हसला आणि म्हणाला,

"अख्खी नको मामा. अर्धीच द्या. अर्धी दाजींना वाढा."