तांबूचे थांबे

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्ध वैद्यराज राहत असत. त्यांच्याकडे वनस्पतींची विद्या शिकण्यासाठी एक तरुण येऊन राहिला. विद्येची ओढ मोठी, पण प्रकृती तोळामासा. लहानपणी छातीचे दुखणे काढलेले. चार पावले भरभर टाकली की त्याला धाप लागायची. वैद्यराजांनी औषधाआधी त्याला एक नेम घालून दिला.

"रोज उजाडताच माथ्यावरच्या देवळापर्यंत चढून जायचे. खाडा करायचा नाही."

वैद्यराजांच्या अंगणात तांबू नावाचा एक तांबूस कुत्रा होता. पहिल्याच सकाळी तो आपणहून शिष्याच्या पुढे धावला आणि दोघांची जोडी जमली. वर्षभरात शिष्याचा खोकला गेला, चेहऱ्यावर टवटवी आली. तक्रार एवढीच, की तांबू वाटेत फार रेंगाळतो. कधी करवंदीच्या जाळीशी बसून राहायचा, कधी कातळावर अंग टाकायचा. "काय रे, किती आळशी!" असे म्हणत शिष्यही नाइलाजाने त्याच्या शेजारी टेकायचा.

एके दिवशी उतरताना तांबूचा पुढचा पाय दोन दगडांच्या खाचेत अडकला आणि हाड मोडले. शिष्याने त्याला खांद्यावर घालून खाली आणले. वैद्यराजांनी हाड बसवले, बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला आणि बजावले, "दीड महिना याला हलू द्यायचे नाही."

शिष्याला करमेना. पहाटे उठून तो तांबूपाशी बसे. फिरायला जायची वेळ झाली हे तांबूलाही कळे. तो शेपटी हलवीत उठू पाही आणि कळवळून पुन्हा अंग टाकी. ते पाहून शिष्याचे पाऊल डोंगराकडे वळत नसे. असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी त्याला खोकल्याची जुनी उबळ आली.

वैद्यराज म्हणाले, "उद्यापासून जायला लाग."

"एकट्याने जाववत नाही, गुरुजी. वाट खायला उठते."

वैद्यराजांनी समजूत घातली नाही. अंगणातले ओंजळभर पांढरे खडे उचलून त्यांनी त्याच्या उपरण्यात बांधले. "जिथे धाप लागून थांबशील, तिथे एक खडा ठेव आणि पुढे जा."

शिष्याला काही उमगले नाही. पण गुरूंची आज्ञा मोडवेना. दुसऱ्या दिवशी तो निघाला. आज अडवणारे कुणी नाही, तर एका दमात माथा गाठू, असे त्याच्या मनात आले. पहिल्या वळणावरच छाती भरून आली. खडा ठेवायला तो वाकला, तर शेजारी करवंदीची जाळी. दुसरा खडा ठेवावा लागला तो कातळावर. तिसऱ्यांदा तो उंबराखाली थांबला. तिथे रोज बसून बसून मातीत तांबूच्या अंगाएवढा खळगा पडला होता. शिष्य त्या खळग्यापाशी मटकन खाली बसला. त्याचे डोळे भरून आले.

खाली येताच त्याने विचारले, "गुरुजी, तो माझ्यासाठी थांबत होता?"

वैद्यराज तांबूच्या पायाला लेप लावीत होते. ते म्हणाले, "पहिले काही दिवस मी तुमच्या मागून येत असे. तुझा श्वास वाजू लागला की याचे कान टवकारत आणि हा बसकण मारी. तुझा श्वास शांत झाला की उठे. मी 'थांब' म्हणालो असतो, तर तुला आपण रोगी आहोत असे वाटले असते. याने ते कधी वाटू दिले नाही. आळशी म्हणवून घेतले आणि तुला माथ्यावर नेले. वाटेवर याची आठवण येते तर येऊ दे, बाळ. पण याने कमावून दिलेला श्वास असा घरी बसून घालवू नकोस."

शिष्याने तांबूच्या मानेवर हात ठेवला. तांबूने त्याचा हात चाटला आणि डोळे मिटले.

त्यानंतर शिष्याने नेम मोडला नाही. वाट एकट्याचीच होती, पण ती आता खायला उठत नव्हती. तो थांब्याथांब्यावर बसे, श्वास निवू देई आणि मनोमन हात जोडून पुढे निघे.

दीड महिन्याने कामट्या सुटल्या. तांबू लंगडत कुंपणापर्यंत आला आणि दमून बसला. डोंगर समोर होता, ऊन अजून कोवळे होते. शिष्य त्याच्याजवळ मांडी घालून बसला आणि त्याचा श्वास शांत होईपर्यंत जागचा हलला नाही.

आपल्या सोबत चालणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपल्यासाठी स्वतःची चाल संथ केली, हे बहुधा एकटे चालावे लागते तेव्हाच कळते. कळले की ते सोबत असतानाच त्यांच्याजवळ घटकाभर बसावे.