तेलिणीचा ओटा

बसा, वरच बसा. बाहेरून आलेली मंडळी आधी ओट्याखालीच घुटमळतात, कारण वरची जागा वक्त्याची असणार असं त्यांना वाटतं. आमच्या करंजपेठेत तसं नाही. इथे ऐकणारा वर बसतो आणि शिकवणारा खाली मातीत अनवाणी उभा राहतो. दर गुरुवारी, चार वाजता. जातपात नाही, शुल्क नाही, नाव नोंदवायचं नाही. या पदाला आता कॉलेजवाले 'ओट्याचे प्राध्यापक' म्हणतात, पूर्वी नुसतं 'ओट्याचे शास्त्री' म्हणत. आजवर किती होऊन गेले ते मलाही धड सांगता येणार नाही, आणि मी या गावात छत्तीस वर्षं मास्तरकी केली आहे.

हे पद राजानं निर्माण केलं नाही की सरदारानं. ते म्हाळसा तेलिणीनं निर्माण केलं. तिला एकच मुलगा होता. घाण्यामागच्या दगडांत त्याला विंचू चावला, तांबडा, आपल्याकडचा जहरी. गावात उतारा ठाऊक असलेलं वैद्यांचं एकच घर, आणि वैद्यबुवा त्या दिवशी जत्रेला गेलेले. पोर सकाळपर्यंत टिकलं नाही. म्हाळसेनं रडणं संपल्यावर नवस बोलला, असं सांगतात. मूल मागण्याचा नवस नव्हे. एक माणूस घरी नाही म्हणून या गावात पुन्हा कुणाचं लेकरू जाऊ नये, यासाठी जे ज्ञान आहे ते उघड्यावर, कुणालाही सांगितलं जाईल, असा. नदीकाठचं सगळं रान तिनं त्यासाठी लावून दिलं आणि हा ओटा बांधून घेतला.

ओट्यावर पहिले बसले त्र्यंबकभट, त्याच वैद्यांचे चिरंजीव. विद्वान माणूस, वाणी गोड. ते वर चौरंगावर, लोक खाली धुळीत. ऋतुचर्या, वात, पित्त, कफ, पथ्यपाणी, सगळं ते आपल्या भाषेत समजावत. पंचक्रोशीतून लोक येत म्हणे. म्हाळसा दर गुरुवारी शेवटपर्यंत थांबायची आणि लोक उठले की एकच प्रश्न विचारायची.

"बुवा, त्ये इंचवाचं कवा सांगनार?"

"म्हाळसाबाई, त्या औषधाचं नाव उच्चारलं की त्याचा गुण जातो. वडिलांनी जानव्याची शपथ घातली आहे मला. हवं तेव्हा मी देईन की. मी आहे ना इथे."

"त्ये बी असंच म्हनायचे," ती म्हणायची आणि जायची.

अकरा वर्षं हे चाललं. तुम्ही हसाल, पण हा काही भटाचा लबाडपणा नव्हता. आमच्याकडे सगळेच वैद्य तसं मानत. मुळी ओळखायची ती एकानं, घरात, मरताना मुलाच्या कानात सांगायची. नाव फुटलं की औषध म्हणजे नुसता पाला. त्र्यंबकभट त्यावर मनापासून विश्वास ठेवून होते, आणि मला राग येतो तो त्याचाच. लबाड माणसाला निदान कधीतरी लाज वाटते.

पुढे एका मोठ्या घरच्या दुखण्यासाठी त्यांना पालखी पाठवून बोलावणं आलं. ते गेले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सात वर्षांच्या यमुनेला परसात विंचू चावला. गाव गोळा झालं. अकरा वर्षं व्याख्यानं ऐकलेलं गाव. कुणी म्हणालं वात आहे, कुणी म्हणालं पित्त. पथ्य प्रत्येकाला पाठ होतं. मुळी एकालाही ठाऊक नव्हती. म्हाळसा पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि ते डोकं गार होईपर्यंत तिनं ते खाली ठेवलं नाही.

भट तिसऱ्या दिवशी परतले. गुरुवार आला तेव्हा लोकांना वाटलं, आज काही व्हायचं नाही. पण ते आले, अनवाणी. सगळ्यांना हाताला धरधरून ओट्यावर चढवलं आणि स्वतः खाली राहिले. मग वाकून त्यांनी ओट्याच्या दगडांच्या फटीतून एक झाड उपटलं. ज्या ओट्यावर ते अकरा वर्षं बसले, त्याच्याच फटीत ते माजलं होतं. त्यांनी नाव घेतलं, मूळ दाखवलं, किती उगाळायचं ते सांगितलं.

म्हाळसा म्हणाली, "म्या आन् काय इचारत व्हते, बुवा?"

तिथपर्यंत ऐकून पाहुणे समाधानानं उठतात. माणूस चुकला, शहाणा झाला, गावाचं भलं झालं. बसा अजून.

भटांनी पुढच्या गुरुवारांत घरातली एकूण एक मुळी सांगून टाकली. भाऊबंदांनी त्यांना वाळीत टाकलं. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही, असं म्हणतात. वाटलं ते दुसऱ्याचं. लोक यायचे बंद झाले. नाव फुटलं, गुण गेला, आता ऐकून काय करायचं? नदीपलीकडे त्यांच्याच एका चुलतभावानं नवं दुकान मांडलं; तो झाकलेली पुडी देई आणि काही विचारलं तर हाकलून देई. गाव त्याच्या दारात रांगा लावू लागलं. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! ओट्यावर म्हाळसा एकटी बसायची. ती गेल्यावर भट रिकाम्या ओट्याला शिकवत राहिले आणि एका गुरुवारी बोलता बोलताच खाली बसले ते उठले नाहीत.

आजही गुरुवार चुकत नाही. हल्लीच्या प्राध्यापक डॉक्टरीणबाई आहेत. गेल्या वैशाखात त्या विंचवावरच बोलल्या. गोळी कोणती, ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, तासाभरात पोचा, सगळं सांगितलं. आम्ही सहाजण होतो. दवाखाना इथून हाकेच्या अंतरावर आहे.

त्यानंतर नवव्या दिवशी माझ्या नातीला विंचू चावला. शाल्मली तिचं नाव, दुसरीत होती. मुलगा म्हणाला, दवाखान्यात नेऊ. मी म्हणालो, गोळीबिळी राहू दे, आधी नदीपलीकडे चल. तिथे अजूनही झाकलेली पुडी देतात. ती पुडी मी माझ्या हातानं तिला चाटवली, आणि तीत काय आहे हे विचारलंसुद्धा नाही.