बोटभर सैल

एका राज्यात, जिथे साळुंक्या माणसांसारख्या बोलत आणि कुणाला त्याचे नवल नसे, एका मांत्रिकाने नऊ वर्षांच्या राजकन्येच्या गळ्यात सोन्याचा हार घातला. राजा भर दरबारात त्याला हसला होता, त्याचा हा सूड. हार साच्यात ओतलेला, त्याला ना सांधा ना फासा. रोज तो जवभर आवळे.

मांत्रिक म्हणाला, "पोरीच्या गळ्याला जो हार आपला वाटेल, त्याच्यापुढे माझा गळून पडेल. तीनदा घडवा. चुकेल तो तांब्याचा होईल."

नगरातल्या सोनारांनी पटापट दुकानांना कड्या घातल्या. पुढे आली एकटी म्हाळसा सोनारीण. तिच्या कसबाचा बोलबाला मोठा, आणि खरे सांगायचे तर तोराही तेवढाच. पहिला हार तिने सातपदरी केला, मणी असे की एकाला झाकावे अन् दुसऱ्याला काढावे. राजकन्येच्या गळ्यात पडताच त्याची राख झाली आणि म्हाळसेचा डावा हात मनगटापर्यंत तांब्याचा झाला. दुसऱ्यात तिने पाचू-माणके जडवली. त्याचीही राख. तांबे खांद्याला भिडले.

आता राजकन्येला पेजही गिळवेना. गळा पुरता आवळला जायला दोनच दिवस उरले होते. म्हाळसा शेगडीपुढे बसली. भीतीने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ऐरणीवरच्या साळुंकीने विचारले,

"गळा पाहिलास?"

"हार पाहिला."

"तिथेच घोडे पेंड खाते, बाई."

म्हाळसेला बाप आठवला. गिऱ्हाइकाच्या गळ्याला दोरा लावल्याशिवाय तो शेगडी फुंकत नसे. दोऱ्यात बोट घालून म्हणे, एवढे सैल ठेव, माणसाला गिळायचे असते, रडायचे असते. आणि ही शहाणी दोन्ही वेळा मांत्रिकाच्याच हारावरून बेतत बसली होती! तिला स्वतःची लाज वाटली.

ती दोरा घेऊन महालात गेली. माप घेता घेता तिने पोरीला विचारले, कुठे खुपते? पोरीने गळ्याखालच्या डाव्या हाडावर बोट ठेवले.

घरी येऊन तिने सोने तापवले. डाव्या हाताला चिमटा धरवेना, तेव्हा तिने तोच तांब्याचा तळवा ऐरण केला आणि त्यावर एकेक मणी ठोकला. मणी वेडेवाकडे झाले, डाव्या बाजूचे मुद्दाम चपटे.

तिसऱ्या खेपेला दरबार गच्च भरला होता. मणी पाहून मांत्रिक खो खो हसला. म्हाळसेच्या खांद्यापर्यंत तांबे चढले होते, तरी तिने हार घातला, आत बोट सरकवले आणि थांबली.

राजकन्येने आवंढा गिळला. मग ती मोठ्याने रडू लागली.

मांत्रिकाचा हार खळकन पायाशी पडला. हसता हसताच मांत्रिक तांब्याचा झाला, कारण आता चुकलेला तोच होता. म्हाळसेचे अंग पुन्हा हाडामासाचे झाले. डाव्या तळव्यावर हातोडीचे वण तेवढे राहिले.

त्या राज्यात आजही दोरा लावल्यावाचून कुणी सोनार शेगडी फुंकत नाही. तिथल्या लेकी मोकळ्या गळ्याने रडल्या, हसल्या. तशा तुमच्या-आमच्याही हसोत.