सुरवंटाचं पान आणि काकूंची सतरंजी

गच्चीवर रंगाचा रिकामा डबा. डब्यात अळू. अळूवर सुरवंट. बोटाएवढा, केसाळ.

एकदा काय झालं, त्याचं खायचं पान पिवळं पडलं.

सुरवंट म्हणाला, "पाना पाना, हिरवं हो की."

पान म्हणालं, "हट, केसाळ दोऱ्या. आम्ही पानं ऊन पितो, मग हिरवी होतो. ऊन कुठंय?"

सुरवंट निघाला. वळवळ वळवळ. उन्हाकडे गेला.

"उन्हा उन्हा, ये की. पान हिरवं होईना, मला खाऊ मिळेना."

ऊन म्हणालं, "मी सकाळीच आलंय. मध्ये सतरंजी आहे. डोळे आहेत ना तुला?"

वळवळ वळवळ.

"सतरंजी सतरंजी, सरक की. ऊन येईना, पान हिरवं होईना, मला खाऊ मिळेना."

सतरंजी म्हणाली, "अंगावर धोंडा घेऊन? तूच सरक, शहाण्या."

वळवळ वळवळ.

"धोंड्या धोंड्या, हल की. सतरंजी सरकेना, ऊन येईना, पान हिरवं होईना, मला खाऊ मिळेना."

धोंडा म्हणाला, "धोंडे आपले आपण हलत नाहीत. एवढंही माहीत नाही? काकूंना सांग."

कालिंदीकाकू छत्रीखाली बसल्या होत्या. हातात काठी. त्यांनी कुरडया घातल्या होत्या वाळत. कावळ्याला दिसू नयेत म्हणून वर जाडजूड सतरंजी, पार अळूच्या डब्यावरून ओढलेली.

"काकू काकू, उठा की. धोंडा हलेना, सतरंजी सरकेना, ऊन येईना, पान हिरवं होईना, मला खाऊ मिळेना."

काकू म्हणाल्या, "मोठा आला मला उठवणारा. कुरडई वाळली की उठेन."

वळवळ वळवळ. सतरंजीखाली.

"कुरडई कुरडई, वाळ की. काकू उठेनात, धोंडा हलेना, सतरंजी सरकेना, ऊन येईना, पान हिरवं होईना, मला खाऊ मिळेना."

कुरडई म्हणाली, "या अंधारात? अक्कल आहे का? आधी ऊन आण."

सुरवंटाचं डोकं मोहरीएवढं. पण त्यालाही कळलं.

तो काकूंच्या पायावर चढला. वळवळ वळवळ. बोलला काहीच नाही. नुसता केस घासत फिरला.

मग सुटली खाज.

काकू उठल्या, थयथय. धोंड्याला पाय लागला, धोंडा गडगड. सतरंजी सरकली, सर्रकन. ऊन आलं, भसकन. कुरडई वाळली, कडकड. कावळ्यानं एक नेली. छत्रीखाली बसून खाल्ली.

पान ऊन प्यायलं, गटगट. झालं हिरवंगार.

पान म्हणालं, "बघ माझा थाट. नाहीतर तू, केसाळ दो..."

कुरुम. कुरुम. कुरुम.

सुरवंटाचं पोट भरलं. पान काय म्हणत होतं, ते राहिलंच.