पाच घरांच्या लोकरीची पिशवी

ही गोष्ट खरं तर मी सांगायची नाही. आत्याने मला सांगितली तेव्हाच बजावलं होतं, "घरातल्या घरातच ठेव हं." कारण हिच्यात जिने नको तिथे कात्री चालवली, ती मुलगी म्हणे आमच्याच घराण्यातली. पण इतकी उपयोगाची चूक लपवून तरी काय करायचं? तेव्हा हळू आवाजात सांगते, नीट ऐका.

फार जुनी गोष्ट आहे, डोंगर अजून तरणे होते तेव्हाची. एका थंड डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या काठी एक गाव होतं. तिथली माणसं क्रोशाच्या सुईने टोप्या, शाली, पायमोजे विणत. त्या गावात एक मुलगी होती. बोटं चपळ, नजर बारीक, पण भारी मुखदुर्बळ. पाहुणा अंगणात आला की ही दाराआड.

नदीपलीकडे टेकडीवर विणकाम शिकवणाऱ्या एक गुरुमाई राहत. वर्षातून एकदाच, एका पौर्णिमेला, त्या नव्या मुली घेत. येताना स्वतः विणलेली हातपिशवी आणायची, एवढीच त्यांची अट. मुलीला तिथे जायचं होतं. दुसरं काही तिला हवंच नव्हतं.

पण त्या वर्षी खिंडीत बर्फ साचला आणि लोकरीचे व्यापारी गावात पोचलेच नाहीत.

"नवी नाही तर जुनी," आई म्हणाली. "रडतेस काय?" ती घरोघर फिरली आणि पाच घरांतून पाच विरलेल्या वस्तू घेऊन आली. कुंभारणीची शाल, लोहाराचे मोजे, सुईणीकडचं बाळाचं दुपटं, गुरवाचा गळपट्टा आणि नावाडीबाबांची टोपी.

"आता तू जा," आई म्हणाली, "आणि प्रत्येकाला शेवट विचारून ये."

त्या गावची तशी रीतच होती. क्रोशाचं विणकाम शेवटच्या टाक्याकडून उसवलं तर धागा सरसर सुटतो. पहिल्या टाक्याकडून ओढलं तर गच्च गाठ बसते. आणि शेवटचं टोक विणणारी बाई असं दडवते, की ते तिच्या घरच्यांनाच ठाऊक. म्हणून जिला उसवायचं तिने आधी स्वतः त्या घरी जाऊन विचारायचं, "शेवट कुठे?"

मुलीने बोटांवर मोजलं. पाच दारं! पाच वेळा बोलायचं! तिने टोपी उचलली आणि आपणच शेवट शोधू लागली. सापडेना. मग तिने शेंड्यावरचा धागा ओढला. गाठ बसली. आणखी ओढला, आणखी घट्ट बसली. शेवटी तिने कात्री घेतली. पाहते तो काय, टोपी गेली आणि मांडीवर उरले बोटभर लांबीचे निळे तुकडे.

आईने ते पाहिलं. "बाबांच्या बायकोने विणलेली होती ती. जाऊन दोन वर्षं झाली तिला."

"आता गं, आई?"

"आता तूच जा."

नावाडीबाबा काठावर होडीला डांबर लावत होते. मुलीने त्यांच्यापुढे तुकडे बांधलेलं फडकं उलगडलं. म्हणाली, "बाबा, मी विचारलं नाही. कापली."

बाबांनी एक तुकडा उचलला. दुसरा उचलला. मग म्हणाले, "डाव्या कानामागे."

"काय?"

"शेवट. ती तिथेच दडवायची. म्हणायची, म्हातारा त्या कानाने ठार बहिरा, गुपित तिथेच बरं!" बाबा हसले, आणि हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. "दोन वर्षांत तिच्याबद्दल मला कुणी काही विचारलंच नाही, पोरी. विचारून बघायचं होतंस."

"चुकले, बाबा."

"चुकलीस खरी. बस आता. दोराच्या गाठी मारण्यात माझा जन्म गेलाय."

तुकड्याला तुकडा जोडत दोघं दिवस कलेपर्यंत बसली. तेव्हा कुठे एक धागा झाला.

दुसऱ्या दिवशी मुलगी उरलेल्या चारही घरी आपल्या पायांनी गेली. "अगंबाई, हिला तोंड आहे की!" कुंभारीण म्हणाली आणि शेवट दाखवता दाखवता तिने शालीची सगळी हकीकत सांगितली. मुलीने लोकर उसवली, लडी करून धुतली, धाग्याची वळणं जावीत म्हणून खाली दगड बांधून वाळवली. मग पिशवी विणली आणि निळ्या धाग्याचा बंद केला.

पौर्णिमेला टेकडीवर दूरदूरच्या मुली जमल्या. त्यांच्या पिशव्या नव्याकोऱ्या, झळझळीत. एकजण हिची पिशवी पाहून खुदकन हसली. "ही तर पाच घरची माधुकरी गं!"

गुरुमाई प्रत्येकीला एकच विचारत होत्या, "पिशवी तुझ्या एकटीच्या हातची?" प्रत्येकजण म्हणे, "हो."

हिची पाळी आली. नुसती मान हलवली तरी भागलं असतं, आणि मान हलवणं तिला सोपं होतं. खरं सांगितलं तर कदाचित आल्या वाटेने परत.

"टाके माझे आहेत," ती म्हणाली. "लोकर पाच घरची. बंदातल्या गाठी नावाडीबाबांच्या." आणि मग कुणाचा शेवट कुठे होता, कुणी कुणासाठी विणलं होतं, तिने एकेक सांगितलं. जन्मात बोलली नव्हती एवढी बोलली.

गुरुमाईंनी पिशवी उलटी केली आणि आतल्या गाठींवरून बोट फिरवलं. मग त्या बाकीच्यांकडे वळल्या.

"तुमची लोकर कुणाच्या मेंढीची गं? कातली कुणी? रंगवली कुणी?"

हसणारीने आपली पिशवी पाठीमागे नेली.

"जा, विचारून या. मग शिकवते." आणि हिला म्हणाल्या, "तू आत ये, बाळ. तुझं निम्मं शिकून झालंय."

तात्पर्य: घेताना विचारावं आणि मिरवताना देणाऱ्याचं नाव घ्यावं, तेव्हाच घेतलेलं आपलं होतं.

आता त्या बाकीच्या मुली परत आल्या का म्हणाल, तर सगळ्यांत आधी आली ती हसणारीच, आणि तिच्याबरोबर एक धनगरीण होती, तिने गुरुमाईंना पाहिलं आणि— थांबा, आई हाक मारतेय मला. आले, आई, आले!